बाग सक्तीची, खेळ ऐच्छिक

दिल्लीच्या एखाद्या मध्यमवर्गीय वसाहतीतील उद्यानात एकाच दिवशी दोन वेळा जाऊन यावे. नगरसंस्था आणि लोकांचा व्यायाम यांचे नाते काय आहे, हे अहवालांपेक्षा तेथे अधिक लवकर उमगते. पहाटे सहाला फाटक उघडलेले असते. कडेच्या फरसबंद वाटेवरून निवृत्त गृहस्थ जोडीजोडीने फेऱ्या घालीत असतात. एका कोपऱ्यात सतरंज्या अंथरून प्राणायाम चाललेला असतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात दहाबारा मंडळी वर्तुळ करून, हात उंचावून, काहीही कारण नसताना मोठमोठ्याने हसत असतात. लोखंडी व्यायामयंत्रांवर गृहिणी आणि प्रौढ पुरुष आळीपाळीने पाय हलवीत उभे असतात. मग त्याच उद्यानात सायंकाळी साडेपाचला जावे. दहाबारा वर्षांची पाचसात मुले एक बॅट आणि एक रबरी चेंडू घेऊन आत शिरतात, चार विटा एकावर एक रचून यष्ट्या उभ्या करतात आणि पहिले षटक पुरे होण्याच्या आत चौकीदार किंवा माळी येऊन फाटकाजवळच्या फलकाकडे बोट दाखवितो. उद्यानात खेळण्यास मनाई आहे, असे त्यावर लिहिलेले असते. मुले फारसा वाद न घालता बाहेर पडतात आणि गल्लीत, उभ्या मोटारींच्या दोन रांगांच्या मधल्या पट्टीत, डाव पुढे चालू करतात.

माळ्याला दोष देण्याचे कारण नाही. तो ज्या विभागाचा नोकर आहे त्या विभागाची कीर्ती हिरवळीवर आणि हंगामी फुलांवर अवलंबून असते. हा फलक कोणा एका अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नसून त्याची मुळे कायद्यात आहेत, आणि ती तेथे शोधणे उद्बोधक आहे.

दिल्ली महानगरपालिका ७ एप्रिल १९५८ रोजी अस्तित्वात आली. तिचा पाया म्हणजे संसदेने १९५७ साली केलेला दिल्ली महानगरपालिका अधिनियम. या अधिनियमाच्या ४२ व्या कलमात महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि ४३ व्या कलमात ऐच्छिक. गटारे, रस्ते, रस्त्यांवरील दिवे, जन्ममृत्यूंची नोंद, स्मशाने, देवीची लस, प्राथमिक शाळा ही सारी बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत आहेत. सार्वजनिक उद्याने, बागा आणि मनोरंजनाची मैदाने आखणे व राखणे हेही त्याच यादीत आहे. परंतु क्रीडागारे, व्यायामशाळा, आखाडे आणि खेळांच्या जागा स्थापन करणे व त्यांना साहाय्य देणे हे काम पुढच्या कलमात, म्हणजे ऐच्छिक कामांत, पडले आहे. शारीरिक शिक्षणाचेही तेच. अधिनियम करणाऱ्यांनी 'आखाडा' हा देशी शब्द इंग्रजी मसुद्यात जसाच्या तसा ठेवला, ही गोष्ट मनाला बरी वाटते. दिल्लीच्या जुन्या शहरात आखाडा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. तथापि त्याला जागा मिळाली ती 'करता येईल' या क्रियापदाखाली, 'करावे' या क्रियापदाखाली नव्हे. पुढे १९९४ साली नवी दिल्ली नगरपरिषदेसाठी स्वतंत्र अधिनियम झाला, तेव्हाही हीच विभागणी कायम राहिली.

थोडक्यात, बाग सक्तीची आहे आणि खेळ ऐच्छिक आहे. अंदाजपत्रक तयार करणाऱ्या कोणत्याही कारकुनाला या भेदाचा अर्थ विचारावा. पैसा अपुरा पडला, आणि तो नेहमीच अपुरा पडतो, म्हणजे कात्री प्रथम ऐच्छिक बाबींवर चालते. पगार, कचरा, गटारे यांच्या मागण्या पुरविल्यावर जे उरते त्यातून खेळाचा वाटा काढावयाचा असतो. माळी बंधनकारक कर्तव्यासाठी नेमलेला असतो, म्हणून त्याची जागा सहसा रिकामी राहत नाही. क्रीडाशिक्षकाची जागा मात्र निर्माण होण्याआधीच प्रश्नांकित असते.

हा भेद केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. नगरसंस्थांनी लोकांच्या शरीराची काळजी घ्यावी ही कल्पना आधुनिक रूपात इंग्लंडमधून आली. तेथे १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा झाला आणि नगरांना कररूपी पैशातून स्नानगृहे व धुलाईघरे बांधण्याची मुभा मिळाली. हेतू स्वच्छतेचा होता, पण त्या स्नानगृहांतूनच पुढे पोहण्याचे तलाव निघाले. १९३७ च्या शारीरिक शिक्षण व मनोरंजन कायद्याने नगरांना क्रीडांगणांसाठी जमीन घेण्याचे अधिकार दिले. तेही अधिकारच होते, कर्तव्य नव्हे. इंग्लंडमध्ये क्रीडाकेंद्रे चालविणे आजही स्थानिक संस्थांवर सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही, आणि म्हणून काटकसरीच्या वर्षांत तेथेही प्रथम पोहण्याचे तलाव बंद पडतात. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र १९८२ च्या कायद्यात स्थानिक संस्थांनी मनोरंजन व क्रीडा यांच्या पुरेशा सोयी होतील हे पाहिलेच पाहिजे, असे लिहून ठेवले. 'पुरेशा' हा शब्द सैल आहे हे खरे. पण सैल कर्तव्य हेदेखील कर्तव्यच असते, त्याबद्दल जाब विचारता येतो.

आपल्या राज्यघटनेत खेळ हा विषय सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ३३ व्या क्रमांकावर आहे, आणि त्याचे सोबती कोण? नाटकगृहे, चित्रपट, करमणूक आणि मनोरंजन. आरोग्य त्याच सूचीत आहे, पण अगदी वेगळ्या ठिकाणी. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांच्या कामांची जी बारावी परिशिष्ट-सूची जोडली, तीत उद्याने, बागा व क्रीडांगणे या नागरी सोयींचा उल्लेख आहे. म्हणजे जागेचा उल्लेख आहे, तीवर खेळणाऱ्याचा नाही. मैदान आखून दिले की लोक आपोआप खेळतील, असा या सर्व मसुद्यांमागचा समज दिसतो. तो समज दिल्लीत कितपत खरा ठरला, हे पाहण्यासारखे आहे.

दिल्लीत जमिनीचे मालक अनेक आहेत, आणि येथील प्रशासनाची निम्मी शक्ती त्यांच्यातील पत्रव्यवहारात खर्च होते. राजधानीच्या सुमारे १,४८३ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी जवळजवळ १,३९७ महानगरपालिकेकडे, सुमारे ४३ नवी दिल्ली नगरपरिषदेकडे आणि तितकेच लष्करी छावणीकडे आहे. महानगरपालिकेची २०१२ साली तीन शकले झाली आणि २०२२ च्या मे महिन्यात ती पुन्हा एक झाली. नगरपरिषदेचे सदस्य नामनियुक्त असतात. तेथील रहिवाशाला प्रभागाचा नगरसेवक असा कोणी नसतो. या सर्वांच्या डोक्यावर १९५७ साली स्थापन झालेले दिल्ली विकास प्राधिकरण आहे. मोठी क्रीडासंकुले त्याचीच, आणि कोणत्या वस्तीला किती मोकळी जागा द्यावयाची हे ठरविणारा बृहत् आराखडाही त्याचाच. २००७ साली अधिसूचित झालेल्या आराखड्याप्रमाणे अडीचशे माणसांच्या गृहसमूहामागे सव्वाशे चौरस मीटरचे बालोद्यान, पाच हजार वस्तीमागे अर्धा हेक्टर आणि दहा हजार वस्तीमागे एक हेक्टर उद्यान असावयास हवे. सव्वाशे चौरस मीटर म्हणजे किती? कबड्डीचे पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते, म्हणजे एकशे तीस चौरस मीटर. बालोद्यानात ते बसत नाही. आणि हे प्रमाणसुद्धा आखीव वसाहतींपुरते. ज्या अनधिकृत वसाहती आधी वसल्या आणि मागाहून नियमित झाल्या, तेथे तीन हात रुंदीच्या गल्लीशिवाय मोकळे असे आकाशच आहे, आणि तेही पतंगाच्या दिवसांत.

पाहुण्यांसाठी मात्र दिल्लीने वेळोवेळी मोठा खर्च केला. पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा ४ ते ११ मार्च १९५१ या काळात येथे भरल्या. अकरा राष्ट्रे आली होती. त्यासाठी १९३३ सालचे आयर्विन ॲम्फिथिएटर दुरुस्त करून त्याला राष्ट्रीय क्रीडागार हे नाव मिळाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांनी जवाहरलाल नेहरू क्रीडागार, यमुनाकाठचे बंदिस्त क्रीडागार आणि तालकटोऱ्याचा जलतरण तलाव दिला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांनी या साऱ्यांची डागडुजी झाली. तालकटोरा हे नाव मराठी माणसाच्या कानाला परके नाही; १७३७ च्या मार्च महिन्यात बाजीरावाची जी धडक दिल्लीवर आली, तिच्याशी हा परिसर जोडला जातो. त्याच तालकटोऱ्यात आज नगरपरिषदेचे बंदिस्त क्रीडागार आहे आणि २०१० साली राष्ट्रकुलातील मुष्टियोद्धे तेथेच लढले. कॅनॉट प्लेसच्या काठावरील नगरपरिषदेच्या क्रीडागाराला शिवाजी महाराजांचे नाव आहे. हॉकीची कित्येक नामांकित सामन्यांची पर्वे तेथे गाजली. २०१० च्या स्पर्धांसाठी ते सरावाची जागा म्हणून नव्याने बांधावयास घेतले, परंतु काम वेळेत पुरे झाले नाही. नव्या पिढीतील बहुतेकांना शिवाजी स्टेडियम हे मेट्रोच्या एका स्थानकाचे नाव म्हणूनच ठाऊक आहे. दिल्ली गेटजवळचे महानगरपालिकेचे फुटबॉलचे क्रीडागार, ज्याला आता डॉ. आंबेडकरांचे नाव आहे, ते या बाबतीत अधिक भाग्यवान ठरले. ड्युरँड चषकाचे सामने वर्षानुवर्षे तेथे झाले आणि शहरातील लहानसहान संघांनाही त्या गवतावर पाय ठेवावयास मिळाला.

क्रीडागार आणि क्रीडांगण यांतील फरक येथे ध्यानात घ्यावा. क्रीडागारात थोडे लोक खेळतात आणि पुष्कळ लोक पाहतात. क्रीडांगणात सगळेच खेळतात आणि पाहणारा असलाच तर आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. पहिल्याच्या उद्घाटनाला मंत्री येतात. दुसऱ्याचे उद्घाटन होतच नाही, कारण ते एके दिवशी कोणीतरी दगड वेचून साफ केलेले असते.

आखाड्यांची गोष्टही अशीच आहे. दिल्लीत कुस्ती वाढविली ती कोणत्याही नगरसंस्थेने नव्हे. रोशनआरा बागेच्या परिसरात गुरु हनुमानांनी १९२५ साली बिर्लांच्या गिरणीच्या आश्रयाने जी व्यायामशाळा उभी केली, तिच्या मातीत १९८२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारे सतपाल तयार झाले. गिरणीमालकाने जागा दिली, गुरूने आयुष्य दिले, आजूबाजूच्या खेड्यांनी दूधतूप आणि मुलगे दिले. महाराष्ट्रात याच काळाच्या आगेमागे तालमीला राजाश्रय होता. शाहू महाराजांनी कोल्हापूरला १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून पुरे केले, आणि त्या शहरातील प्रत्येक पेठेची तालीम आजही केवळ व्यायामाची जागा नसून पेठेची पंचायत आहे. परंतु राजे गेल्यावर महाराष्ट्रातही लोकवर्गणीवरच वेळ आली. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठविण्यासाठी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत स्पर्धेतील पहिले ऑलिंपिक पदक मिळाले ते या पैशांतून. दिल्लीत आज इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव आहे. गोळेश्वरच्या त्या पैलवानाचे नाव राजधानीत कोरले गेले हे योग्यच झाले. पण ज्याला नाव द्यावे असे सभागृह बांधणे सोपे, आणि ज्याला घर गहाण टाकावे लागू नये अशी सोय करणे अवघड.

आखाड्याला नगरसंस्थेकडून फार काही लागत नाही, ही गोष्ट ४३ व्या कलमाच्या संदर्भात मुद्दाम सांगितली पाहिजे. नळाची एक जोडणी, एक दिवा, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून वर पत्रा आणि जागेच्या मालकीबद्दल निर्धास्तपणा. यांतील शेवटची वस्तू सर्वांत दुर्मिळ आहे. शहरात जमिनीचा भाव वाढला की मातीच्या हौद्याकडे प्रथम नजर जाते.

मग नगरसंस्था प्रत्यक्षात करते काय? गेल्या दहाबारा वर्षांत तिने जे सर्वाधिक डोळ्यांत भरणारे काम केले ते म्हणजे खुल्या व्यायामशाळा. लोक त्यांना ओपन जिम म्हणतात. लोदी बागेपासून पूर्व दिल्लीतील अगदी लहान उद्यानांपर्यंत लाल-पिवळ्या वा निळ्या रंगाची ही यंत्रे उभी आहेत. त्यांना वीज लागत नाही. वापरणाऱ्याच्या शरीराचे वजन हेच त्यांचे वजन. चालण्याचा झोपाळा, खांद्यासाठी फिरविण्याची चाके, पाठीचा बाक, पाय रेटण्याची बैठक असे त्यांचे प्रकार असतात. त्यांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. या यंत्रांनी कोणी पैलवान होत नाही हे खरेच. परंतु साठीच्या ज्या बाईने जन्मात कधी व्यायामशाळेची पायरी चढली नव्हती, ती साडीचा पदर खोचून या चाकाला हात घालते, ही घटना लहान नाही. फुकट, उघड्यावर, शेजारणीच्या सोबतीने आणि कोणी पाहत असले तरी संकोच न वाटता हा व्यायाम होतो.

या यंत्रांचे दुखणे निराळे आहे. ती बसविण्याचा खर्च भांडवली असतो, तर त्यांना वंगण घालणे आणि झिजलेली बेअरिंगे बदलणे हा खर्च चालू स्वरूपाचा. लोकप्रतिनिधींच्या विकासनिधीतून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी राहावी असा नियम आहे. त्या निधीतून यंत्र घेता येते, यंत्र कसे वापरावे हे सांगणारा माणूस ठेवता येत नाही. यंत्रावर नाव रंगविता येते, वंगणावर रंगविता येत नाही. त्यामुळे कंत्राटाची हमीची मुदत संपली की प्रथम एक पेडल कुरकुरते, मग अडकते, आणि एखाद्या दिवशी त्या यंत्राला दोरी बांधलेली दिसते. शहरात महानगरपालिकेची सुमारे पंधरा हजार लहानमोठी उद्याने आहेत. त्यांतील किती यंत्रे आज फिरती आहेत, याचा हिशोब ठेवणे हे नवी यंत्रे बसविण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. पण त्याची निविदा निघत नाही.

महानगरपालिकेच्या हातातील खरे मोठे साधन उद्यान नसून शाळा आहे. प्राथमिक शिक्षण हे तिचे बंधनकारक कर्तव्य. पाचवीपर्यंतच्या सुमारे दीड हजार शाळा ती चालविते आणि त्यांत मुख्यतः अशा घरांतील मुले शिकतात, ज्यांच्या वस्तीत उद्यान नाही. सहा ते अकरा हे वय असे की या काळात जे मूल धावावयास, उडी मारावयास, चेंडू झेलावयास शिकले नाही, ते पुढे सहसा शिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी रोज साठ मिनिटांची आणि प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ इतकी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांत शेकडा ५७ आहे. या निम्म्यांची घडण प्राथमिक शाळेच्या बाकावरच सुरू होते.

येथे पुन्हा कायद्याचे एक परिशिष्ट आडवे येते. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे आणि वर्गाला खेळाचे साहित्य मिळावे, असे म्हटले. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षण यांचा अर्धवेळ निदेशक द्यावयाचा तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तोही पटावर शंभराहून अधिक मुले असतील तर. पाचवीपर्यंतच्या शाळेला तो मिळावा असे त्या परिशिष्टात कोठेही नाही. दिल्लीत पाचवीपर्यंतच्या शाळा महानगरपालिकेच्या आणि त्यापुढच्या प्रायः राज्यशासनाच्या. परिणामी ज्या संस्थेच्या हाती मुले अधिक कोवळ्या वयात येतात, तिलाच शारीरिक शिक्षणाचा माणूस देण्याची सक्ती नाही. गणित शिकविणारे गुरुजी किंवा बाई त्याच तासाला शिटी गळ्यात अडकवून अंगणात उभ्या राहतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकजण हे काम मनापासून करतात. शाळाशाळांतून निवड होऊन विभागीय सामने होतात तेव्हा त्या मुलांचा पळण्याचा वेग पाहून बाहेरचा माणूस थक्क होतो. अनवाणी धावण्याची सवय त्यांना गल्लीनेच लावलेली असते.

शाळांच्या अंगणाबद्दल आणखी एक साधी गोष्ट. ही अंगणे सायंकाळी कुलपात असतात. वस्तीत दुसरी मोकळी जागा नाही, अंगण रिकामे आहे, मुले भिंतीबाहेर उभी आहेत, असे दृश्य शेकडो ठिकाणी दिसेल. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सायंकाळी अंगण उघडावयाचे तर चौकीदाराला जादा वेळेचा मोबदला कोण देणार, खिडकीची काच फुटली तर भरून कोण देणार, आणि एखादे मूल पडून हात मोडला तर चौकशी कोणाची होणार? या तीन प्रश्नांची उत्तरे एका परिपत्रकात बसण्याजोगी आहेत. नवे मैदान विकत घेण्यापेक्षा ते परिपत्रक कितीतरी स्वस्त पडेल.

स्त्रियांच्या बाबतीत दिल्लीला एक जुनी परंपरा आहे. दर्यागंजच्या पर्दाबागेत पुरुषांना मज्जाव आहे. जुन्या शहरातील स्त्रिया तेथे मोकळेपणाने बसतात, चालतात, मुलांना खेळवितात. अलीकडे महानगरपालिकेने माता सुंदरी मार्गावर केवळ स्त्रियांसाठी गुलाबी उद्यान म्हणून जो प्रयोग केला, तो याच परंपरेचा नवा अवतार. स्त्रियांसाठी वेगळे कुंपण घालणे हा प्रश्नाचा कायमचा उलगडा नव्हे, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. परंतु ज्या मुलीला घरून बॅडमिंटन खेळण्याची परवानगी केवळ कुंपणामुळे मिळते, तिच्यापुढे ही चर्चा करण्यात अर्थ नाही. कुंपण हवे की दिवे हवेत, असा पर्याय असेल तर मात्र दिवे आधी लावावेत. अंधार पडल्यावर उद्यानातून जी निघून जाते ती प्रथम स्त्रीच असते.

जमीन नाही, मग रस्त्याचीच काही तासांपुरती जमीन केली तर? हा प्रयोग राजधानीच्या शेजारी गुडगावात, म्हणजे आजच्या गुरुग्रामात, १७ नोव्हेंबर २०१३ रोजी सुरू झाला. ज्या शहराला महानगरपालिकाच मुळी २००८ साली मिळाली आणि जेथे पादचाऱ्याला पदपथ शोधावा लागतो, त्या शहरात नागरिकांच्या काही संघटना, महानगरपालिका आणि पोलीस यांनी मिळून रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद केले. कल्पना कोलंबियातील बोगोटा शहराची; तेथे १९७४ पासून रविवारचे रस्ते सायकलींना मोकळे असतात. येथे तिचे नामकरण 'राहगिरी' असे झाले. दादागिरीतील शेपूट घेऊन केलेला हा शब्द गमतीचा आहे, पण अर्थ नेमका आहे: रस्त्यावर चालणाऱ्याचा हक्क. १३ जुलै २०१४ रोजी नवी दिल्ली नगरपरिषदेने कॅनॉट प्लेसच्या वर्तुळात ती आणली. ज्या डांबरावर एरवी पाऊल ठेवणे जिवावरचे, तेथे मुलांनी दोरीवरच्या उड्या मारल्या, प्रौढ गृहस्थ बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसले.

अडचणी आल्या त्या अपेक्षित होत्या. ध्वनिक्षेपकांचा आवाज वाढला, प्रायोजकांचे मांडव आले, नाचगाणे अधिक आणि चालणे कमी झाले. आसपासच्या दुकानदारांना व रहिवाशांना ते रुचले नाही आणि कॅनॉट प्लेसमधील उत्साह पुढे ओसरला. बोगोटाचा रविवार इतकी दशके टिकला त्याचे कारण शोधले तर ते साधे आहे. तेथे रस्ता बंद होतो आणि बहुतेक लोक आपापली सायकल घेऊन येतात. कार्यक्रम करावा लागत नाही. आपल्याकडे कार्यक्रमावाचून काही सुरू झाले असे वाटत नाही, आणि कार्यक्रम संपला की गोष्टही संपते.

मुंबईचे शिवाजी पार्क या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुंबई महानगरपालिकेने ते १९२५ साली माहीम पार्क म्हणून लोकांना खुले केले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली त्याला सध्याचे नाव मिळाले. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या त्या जागेत उंच कुंपण नाही. भोवती एक बुटका कट्टा आहे. कट्ट्यावर म्हातारे बसतात, कट्ट्याच्या बाजूने चालणारे चालतात, आत एकाच वेळी अनेक संघांचे क्रिकेट चालते, आणि एका बाजूला समर्थ व्यायाममंदिरात मुले मल्लखांबावर असतात. रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला घडविले ते याच धुळीत. 'धुळीत' हा शब्द महत्त्वाचा आहे. शिवाजी पार्कची माती उडते, भोवतालचे रहिवासी तिच्यामुळे त्रस्त आहेत, आणि तेथे हिरवळ का नाही असा प्रश्न वेळोवेळी विचारला जातो. जेथे हजारो पाय रोज धावतात तेथे गवत राहत नाही. दिल्लीच्या उद्यान विभागाने हिरवळ राखली आणि पाय बाहेर काढले. मुंबईने पाय राहू दिले आणि हिरवळ गमावली. दोन्ही एकत्र हवे असेल तर जागेची वाटणी करावी लागते. उद्यानाचा एक भाग उघड्या मातीचा ठेवून, त्याच्या तीन बाजूंना जाळी लावून तो मुलांना देणे, असे दिल्लीतही काही वसाहतींत रहिवासी संघांनी माळ्याशी बोलून केले आहे. अशा ठिकाणी फलक गेलेला नाही, पण त्यावरील मजकूर लांबला आहे: खेळावयाचे ते जाळीच्या आत.

राजधानीच्या सीमेपलीकडे नोएडाचे चित्र आणखी निराळे. तेथे निवडलेली नगरसंस्थाच नाही. १९७६ च्या कायद्याखालील प्राधिकरण शहर चालविते. क्रीडागार आहे, रुंद रस्ते आहेत, उद्याने दिल्लीहून नीटनेटकी आहेत. परंतु चेंडू जप्त झाला म्हणून मुलाच्या आईने ज्याच्या दारात जाऊन उभे राहावे असा नगरसेवक तेथे नाही.

आता हवेबद्दल. ऑक्टोबर संपता संपता दिल्लीवर धुराचे सावट येते, आणि हवेचा निर्देशांक चारशेच्या पुढे जाऊन 'गंभीर' या वर्गात पोहोचला की पहाटेचा जो व्यायाम आरोग्यासाठी करावयाचा तोच घातक ठरतो. २०१७ च्या डिसेंबरात फिरोजशहा कोटल्यावरील कसोटी सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला पट्ट्या बांधून उभे राहिले, तेव्हा ही गोष्ट जगभर दिसली. उद्यानात फेऱ्या घालणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी ती त्याआधीच ओळखली होती. त्या दिवसांत ते ऊन वर आल्यावर बाहेर पडतात, किंवा पडतच नाहीत. शाळांचे मैदानी तास बंद होतात. वर्षातील ज्या दोनतीन महिन्यांत उत्तरेकडील हवामान खेळाला सर्वांत अनुकूल असते, नेमके तेच महिने असे वाया जातात. त्यासाठी प्रत्येक प्रभागात एखादे छप्पर असलेले सभागृह लागेल. समाजमंदिरे आहेत, पण ती विवाहांसाठी आरक्षित असतात, आणि हिवाळा हाच दिल्लीतील लग्नसराईचा मोसम आहे.

गल्लीत गेलेली मुले मात्र हिवाळ्यातही बाहेरच असतात. साडेपाचला अंधार होतो, उद्यानाचे फाटक लागलेले असते, आणि चेंडू रस्त्यावरील दिव्याच्या पिवळ्या वर्तुळात आला म्हणजे तेवढा दिसतो. रस्त्यावरील दिवा ४२ व्या कलमात असल्यामुळे तो बहुधा चालू असतो.